माप अंगाचे घ्यावे

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येतात. वय पंचावन्नच्या पुढे. तरुणपणी तालमीत घुमलेले. पुढे तालीम सुटली, पण खाणे सुटले नाही. त्यामुळे छाती होती तिथे राहिली आणि पोट तिच्या पुढे गेले. वर्गातले सगळे त्यांना आबा म्हणतात.

एके दिवशी आबा हातात पिशवी घेऊन आले. म्हणाले, “गुरुजी, पोरीचं लग्न वीस दिवसांवर आलंय. तालुक्याहून तयार शर्ट आणलाय. बघा तरी.”

त्यांनी शर्ट अंगात घातला. छातीवर बरा बसला. पण पोटावर बटणे ओढली गेली. दोन बटणांच्या मधून बनियन दिसू लागली. आबा बाकावर बसले मात्र, खालचे एक बटण तुटले आणि शेजाऱ्याच्या पाटीवर जाऊन पडले. वर्ग हसला. आबाही हसले. पण ते हसणे काही खरे नव्हते.

मी म्हटले, “मोठा नंबर घ्यायचा होता.”

“तोही घालून पाहिला, गुरुजी. हा ४२ नंबरचा. दुकानदारानं ४६ चा दिला. पोट मावलं, पण खांदे दंडावर उतरले आन् बाह्या बोटांवर आल्या. पोरं म्हणाली, आबा, कुणाचा मागून आणला? आता नको ते. माझ्या अंगातच खोट आहे. जुना सदरा धुऊन घालतो. मांडवात जरा मागं उभा राहीन, म्हणजे झालं.”

मुलीच्या बापाने मांडवात मागे उभे राहायचे! ते बोलणे माझ्या मनाला लागले. म्हणून हा धडा लिहायला घेतला.

पहिली गोष्ट ही, की खोट आबांच्या अंगात नव्हती. ती शर्टात होती. देवाने माणसे एका साच्यात ओतलेली नाहीत. कोणी उंच, कोणी बुटका. कोणाची छाती रुंद आणि कंबर बारीक. कोणाचा एक खांदा खाली. कोणाची मान पुढे आलेली. कपड्याने अंगाप्रमाणे व्हायचे असते. अंगाने कपड्याप्रमाणे व्हायचे नसते.

आपल्या वाडवडिलांना ही अडचण फारशी नव्हती. धोतराला नंबर नसतो. तेच धोतर काटकुळ्यालाही येते आणि ढेरपोट्यालाही येते. बाराबंदीला बटणे नव्हती, बंद होते. पोट वाढले की बंद जरा सैल बांधायचे. लेंग्याला नाडी असते. मग बटणाचा शर्ट आला, पट्ट्याची पँट आली. बटण एका जागी, काज एका जागी. तिथून मापाला महत्त्व आले.

आता तयार शर्ट कसा बनतो ते पाहा. कारखान्यात लांब टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरतात. मग यंत्राने सगळे थर एकदम कापतात. एका वेळी ढीगभर शर्ट बेतले जातात. बेतणाऱ्याने तुम्हाला पाहिलेले नसते. त्याच्यापुढे एक तक्ता असतो. छाती इतकी असेल तर खांदा इतका, बाही इतकी, पोट इतके. छाती वाढली की तक्त्यात सगळेच थोडे थोडे वाढते. पण आबांचे काय? त्यांचे एकटे पोट वाढले आहे. हात काही लांब झाले नाहीत. म्हणून ४२ नंबर पोटावर फाटतो आणि ४६ नंबर बोटांवर येतो.

हे तक्तेही आपल्या माणसांवरून केलेले नव्हते. आपल्याकडचे बरेच कारखाने इंग्लंड-अमेरिकेकडच्या तक्त्यांवरून मापे ठरवीत आले. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग खात्याने आणि फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने एक मोजणी जाहीर केली. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार भारतीय स्त्री-पुरुषांची मापे घ्यायची. देशाच्या सहा भागांतल्या सहा शहरांत घ्यायची. आपल्याकडे त्यासाठी मुंबई निवडली. माप टेपने नव्हे, यंत्राने. माणूस यंत्रात उभा राहतो आणि त्याच्या अंगाची शंभराहून अधिक मापे निघतात. योजना चांगलीच आहे. पण तक्ता कितीही चांगला झाला तरी तो सरासरीचा असणार. आणि सरासरी माणूस आमच्या गावात तरी मला भेटलेला नाही.

दुकानातल्या नंबराविषयी सांगतो, कारण त्यात फार जण फसतात. कॉलरच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर आकडा असतो. काही शर्टांवर तो छातीचा असतो, इंचांत. काही शर्टांवर, विशेषतः कचेरीत घालायच्या शर्टांवर, तो गळ्याचा असतो आणि सेंटिमीटरमध्ये असतो. एका शर्टावरचे ४० म्हणजे छाती ४० इंच. दुसऱ्यावरचे ४० म्हणजे गळा ४० सेंटिमीटर, म्हणजे पावणेसोळा इंच. आकडा एक, अर्थ दोन. काही शर्टांवर आकडा नसून एस, एम, एल ही इंग्रजी अक्षरे असतात. एस म्हणजे लहान, एम म्हणजे मध्यम, एल म्हणजे मोठा. पण एका कारखान्याचा मध्यम तो दुसऱ्याचा मध्यम असेलच असे नाही.

मग करायचे काय? घरातला एक शर्ट, जो तुम्हाला छान बसतो, तो पिशवीत घालून दुकानात न्या. नवा शर्ट बटणे लावून फळीवर सपाट पसरा. त्याच्यावर आपला जुना ठेवा. खांदा खांद्याला लावा. कुठे कमी, कुठे जास्त, ते डोळ्यांना दिसते. टेप असेल तर नव्या शर्टाचे एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत माप घ्या आणि दुप्पट करा. बावीस इंच भरले तर घेर ४४ इंच. शर्टाचा घेर छातीपेक्षा चार ते सहा इंच जास्त हवा. शेतात काम करणाऱ्याने सहाच धरावा. ज्याचे पोट छातीपेक्षा मोठे आहे, त्याने पोटाजवळही असेच मोजावे. यात लाजण्यासारखे काही नाही. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. पैसे आपले आहेत.

आता शिंप्याकडे जाऊ. माझे मत असे, की ज्याचे अंग तक्त्यात बसत नाही त्याने तयार कपड्याच्या मागे लागू नये. कापड घ्यावे आणि शिवून घ्यावे. दुकानाचा झगमगाट पाहून आपण हे विसरत चाललो आहोत. शिंपी हा नुसता शिवणारा नव्हे, तो अंग वाचणारा असतो. तुम्ही आता अक्षर वाचता, तसे तो खांदा वाचतो, पाठ वाचते कशी ते पाहतो.

माप देताना माणसे कशी वागतात, ते तुम्ही पाहिले असेल. पोटावर टेप आला की श्वास आत ओढतात. शिंप्यापासून पोट चोरून काय मिळायचे? घरी गेल्यावर श्वास सोडावाच लागतो. तेव्हा नेहमी उभे राहता तसे उभे राहा. खिशातली तंबाखूची डबी, पाकीट, मोबाइल काढून ठेवा. जाड कपड्यावरून माप देऊ नका. छातीचे माप काखेतून, भरीव भागावरून घेतात. पोटाचे माप बेंबीजवळ. बैठकीचे माप पाठीमागे जिथे अंग सर्वांत भरलेले असते तिथे. गळ्याच्या मापात एक बोट सहज जावे. बाहीचे माप खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत, पण कोपर थोडे वाकवून. सरळ हाताने माप दिले तर सायकल धरताना बाही वर ओढली जाते.

टेपच्या एका बाजूला बहुधा इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. आपल्या देशात १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने आली. तेव्हापासून दुकानात वार जाऊन मीटर आला. पण शिंपी अजून इंचातच बोलतो. वार म्हणजे ३६ इंच. मीटर म्हणजे ३९ इंचांहून थोडा जास्त. कापड घेताना पन्हाही विचारा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ५८ इंच पन्ह्याचे कापड असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण माणसाला दीड ते पावणेदोन मीटर पुरते. ३६ इंच पन्ह्याचे असेल तर अडीच मीटर लागते. अंग मोठे असेल तर शिंप्याला आधी विचारावे, मग दुकानात जावे. उलटे केले की कापड अर्ध्या हाताने कमी पडते आणि बाही अर्धी होते. सुती कापड असेल तर बेतण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. आटायचे ते आधीच आटते.

आता मुंढ्याची गोष्ट. बाही जिथे अंगाला जोडतात त्या भोकाला मुंढा म्हणतात. कष्टकरी माणूस शिंप्याला हमखास सांगतो, “मुंढा चांगला सैल ठेव बाबा, हात वर करावा लागतो.” ऐकायला बरोबर वाटते. पण होते उलटे. मुंढा खाली खोल कापला, की बाही शर्टाच्या कुशीला जोडली जाते. मग हात वर केला की सगळा शर्ट वर येतो आणि पोट उघडे पडते. मुंढा काखेच्या जवळ असेल, रुतणार नाही इतपत जवळ, तर हात वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. घरी करून पाहा. आपल्या जुन्या शिंप्यांना हे ठाऊक होते. ते काखेत एक चौकोनी तुकडा जोडीत. त्याला चौबगला म्हणत. त्या तुकड्यामुळे सदरा अंगाजवळ राही आणि हातही मोकळा राही.

सैल म्हणजे सोयीचे, ही समजूत एका ठिकाणी तर जिवावर बेतते. मळणी यंत्र, उसाचा चरक, पिठाच्या गिरणीचा पट्टा, यांच्याजवळ लोंबती बाही, सुटा सोगा, गळ्यातला मफलर घेऊन जाऊ नका. फिरते यंत्र कापड पकडते आणि कापडाबरोबर हात ओढून नेते. यंत्रावर काम करताना बाही आखूड किंवा मनगटाला बटण लावलेली हवी आणि सदरा खोचलेला हवा.

ढेरपोट्या माणसाच्या शर्टात दोन गोष्टी बघायच्या. घेर पोटावरून धरायचा, पण खांदा मात्र खांद्याचाच ठेवायचा. आणि पुढची बाजू पाठीपेक्षा इंचभर लांब ठेवायची. कारण पुढच्या कापडाला पोटाचा चढ चढून जावे लागतो. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तर पुढून शर्ट आखूड दिसतो. पँटचे आणखी एक आहे. काही जण ती पोटाखाली बांधतात, काही पोटावर. पोटाखाली बांधली की दर दहा पावलांनी वर ओढावी लागते. बेंबीजवळ बांधावी, आणि तरीही सरकत असेल तर गॅलिस लावावे. जुने मास्तर लोक लावीत. मीही लावतो. लोक हसतात, पण माझे दोन्ही हात मोकळे असतात.

बारीक माणसाला वाटते की ढगळ कपडा घातला म्हणजे आपण भरलेले दिसू. तसे होत नाही. ढगळ शर्टात बारीक माणूस खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. त्याने खांदा नेमका ठेवावा आणि घेर चार इंचच जास्त धरावा. बुटक्याने शर्ट फार लांब ठेवू नये, पाय आणखी आखूड दिसतात. उंच माणसाने तयार शर्ट घेतला तर आधी बाही बघावी. तालमीतल्या पोरांची अडचण निराळी. छाती ४४ आणि कंबर ३२. त्यांनी शर्ट छातीवरून घ्यावा आणि कुशीत शिवून आत घ्यावा. पँट मात्र मांडीवरून घ्यावी आणि कमरेत कमी करावी. एक खूण लक्षात ठेवा. कुशीतले जास्त कापड शिंपी सहज कमी करतो. खांदा मात्र तयार कपड्यात बदलणे फार किचकट. म्हणून खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर येते की नाही, ते सगळ्यांत आधी पाहावे.

खांद्यावरून मला आमच्या वडिलांची आठवण होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा बाजारात हमाली करीत. पोती उजव्या खांद्यावर वाहून वाहून तो खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता आणि पाठीला थोडा बाक आला होता. त्यांचा कुठलाही सदरा उजवीकडे लोंबे. गळ्याजवळ कापडाची वळी पडे. मागून सदरा वर चढे, पुढून खाली येई. लहानपणी मला त्याची लाज वाटे. शाळेत कोणी वडिलांना बोलावले तर मी आईला पाठवी. हे लिहिताना आज मला माझीच लाज वाटते.

मी शिक्षकाची परीक्षा पास झालो, तेव्हा दादांनी एकत्र फोटो काढायचे ठरवले. त्यासाठी सदरा शिवायला टाकला. आमच्या गल्लीतले शिंपीकाका म्हातारे होते. त्यांनी टेप हातात घेण्याआधी दादांना म्हटले, “जरा चालून दाखव.” दादा ओट्यावरून दोनदा चालले. मग काका त्यांच्या पाठीमागे गेले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. दादा म्हणाले, “काका, खांद्याचं काही सांगू नको. ठाऊक आहे मला.”

काका म्हणाले, “मी खांद्याला बोलतच नाही. मी कापडाशी बोलतो.”

त्यांनी दोन्ही खांद्यांची मापे वेगळी घेतली. उजवीकडचा खांदा पाऊण इंच उतरता कापला आणि तिकडचा मुंढाही तेवढाच खाली घेतला. पाठ पुढच्या भागापेक्षा लांब ठेवली, कारण बाकावर कापड जास्त लागते. आधी धावदोऱ्याने कच्चे टाचून दादांच्या अंगावर घालून पाहिले. मग मशीनवर घेतले. त्या सदऱ्याला वळी नव्हती. दादा आरशापुढे उभे राहिले. खांदा होता तसाच होता. पण सदरा त्याकडे बोट दाखवीत नव्हता. तो फोटो माझ्या घरात आहे. त्यात दादा पुढे आहेत आणि मी मागे.

काकांनी त्या सदऱ्याच्या कुशीत शिवणीच्या आत बोटभर जादा कापड ठेवले होते. त्याला शिंपी माया म्हणतात. शब्द चांगला आहे. पोट वाढले तर शिवण उसवून तेवढे बाहेर काढता येते. वाढत्या पोराच्या पँटला खाली दोन इंच आणि बैठकीत इंचभर माया ठेवायला नेहमी सांगावे. पँट आणखी एक वर्ष चालते. तयार कपड्यात ही माया फारशी ठेवलेली नसते. विकत घेण्याआधी आतली बाजू उलटून पाहावी.

म्हाताऱ्या माणसांकडे घरात लक्ष जात नाही, ते द्यावे. वयाबरोबर उंची थोडी कमी होते, पाठ वाकते, मांड्या सुकतात. दहा वर्षांपूर्वीचे माप चालत नाही. बोटे थरथरत असतील तर लहान बटणे लावू नका. मोठी बटणे आणि मोठी काजे करून घ्या. धोतर पायांत अडकून ते पडत असतील तर सरळ नाडीचा लेंगा शिवा. तोही घोट्याच्या वर थांबणारा.

आबांकडे येतो. त्या रात्री वर्गात मी टेप मागवला. फळ्यावर लिहिण्याऐवजी सगळ्यांनी एकमेकांची मापे घेतली आणि आपापल्या वहीत लिहिली. उंची, गळा, खांदा, छाती, पोट, बैठक, बाही. शब्द सात, आकडे सात. वाचनही झाले, लेखनही झाले. वर तारीख घातली. दर वर्षी दिवाळीआधी हे पान नव्याने लिहायचे ठरले.

आबांनी छाती ४२ लिहिले, खांदा १८ लिहिले. पोटापाशी पेन्सिल थांबली. शेजारच्याने टेप पुन्हा धरला. ४७. आबांनी ते फार बारीक अक्षरात लिहिले. मी म्हटले, “आबा, शिंप्याला दिसेल एवढे लिहा.” त्यांनी खोडले आणि मोठे लिहिले.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन आबा शिंप्याकडे गेले. शिंप्यानेही आपल्या टेपने मापे घेतली आणि पानाशी ताडून पाहिली. एकच चुकले होते, बाहीचे. आम्ही कोपर वाकवायला विसरलो होतो.